जुन्या कागदांतील पितृवाचक शब्द

मराठी कागदपत्रांवरून वंशावळी जुळवितांना ‘तीर्थरूप’ म्हणजे बाप असें सरसहा धरण्याचा मोह होतो. तो आवरणें अवश्य आहे, इतकेंच ह्या टिपणांत आम्हांस सांगावयाचें आहे.

तीर्थरूप हें नात्याचें नांव नसून मानाचें पद आहे. बापास तें लागतेंच. परंतु आईस ‘तीर्थरूप मातुश्री’ असा मायना लिहीत, आणि चुलता व वडील बंधु यांसही तेंच पद योजीत. थोरले माधवराव पेशवे यांचे पत्रांत चुलते रघुनाथराव यांचा निर्देश ‘तीर्थरूप दादासाहेब’ असा येतो. त्रुटित पत्राच्या केवळ मायन्यावरून नातें ठरविलें, तर पुतण्याचा पुत्र होण्यास विलंब लागणार नाहीं.

‘वडील’ शब्दाचेंही तसेंच. त्याचें मूळ प्राकृत ‘वड्ड’, म्हणजे मोठा. वतनाच्या तंट्यांत ‘वडीलपण’ म्हणजे थोरल्या शाखेचा मान. पितृत्वाशीं त्याचा संबंध नाहीं. खुद्द ‘बाप’ शब्दही निःसंदिग्ध नाहीं. ज्ञानेश्वरींत (शके १२१२) श्रीकृष्ण अर्जुनास ‘बापा’ म्हणून संबोधितात. गीतेच्या सहाव्या अध्यायांतील ‘तात’ हें संबोधनही अर्जुनासच आहे.

मग पितृत्वाचा पुरावा कोणता मानावा? पहिला ‘बिन’ अथवा ‘वलद’ ह्या अरबी शब्दांचा. ‘मालोजी बिन बाबाजी’ म्हणजे बाबाजीचा पुत्र मालोजी. येथें दुसऱ्या अर्थास जागाच नाहीं. दुसरा मुद्रांचा. शिवाजी महाराजांच्या संस्कृत मुद्रेंत ते शाहाचे पुत्र असल्याचें स्पष्ट सांगितलें आहे. तिसरा, स्वतःच्या नांवानंतर येणाऱ्या पित्याच्या नांवाचा. ‘बल्लाळ’ हें बाळाजी ह्या नांवाचेंच रूप. माधवराव बल्लाळ (इ. स. १७६१–१७७२) व माधवराव नारायण (१७७४–१७९५), तसेंच बाजीराव बल्लाळ (१७२०–१७४०) व बाजीराव रघुनाथ (१७९६–१८१८), हे ह्या दुसऱ्या नांवानेंच वेगळे ओळखूं येतात. सालाचा उल्लेख नसलेल्या कागदाचा काळ ठरविण्यास हें साधन मोठ्या मोलाचें आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, नक्कल करितांना मायना ‘नेहमींप्रमाणें’ म्हणून गाळूं नये. मायना, मुद्रा व बिन-वलदासह पूर्ण नांव अक्षरशः उतरून घ्यावें. तीर्थरूपावरून नात्याची दिशा कळते. नातें सिद्ध होतें तें पित्याच्या नांवानें.