सांबा (संगणक आज्ञावली)

संगणकजाळ्यावर फायली व प्रिंटर सामायिक वापरण्यासाठीची मुक्त आज्ञावली. लिनक्स किंवा युनिक्स चालवणाऱ्या संगणकाला ती विंडोजच्या ‘एसएमबी’ या संकेतप्रणालीत बोलायला लावते. ही प्रणाली मूळची आयबीएमची. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे विद्यार्थी असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1991 च्या अखेरीस जाळ्यावरून जाणारी माहितीची पाकिटे न्याहाळून एसएमबीचे नियम हुडकले आणि त्याबरहुकूम आपला सर्व्हर लिहिला. अधिकृत दस्तऐवज मायक्रोसॉफ्टकडून मिळायला 2007 चा डिसेंबर उजाडला, तोही युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर. 2012 च्या सांबा 4.0 पासून ती ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ या विंडोज-जाळ्यातील वापरकर्ते व संगणकांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेचे नियंत्रकपदही सांभाळू शकते. परवाना जीपीएल, त्यामुळे परवानाशुल्क नाही.

एखाद्या गावातल्या ई-सेवा केंद्राला किंवा शाळेच्या संगणककक्षाला यातले फारच थोडे लागते. जुन्या संगणकावर लिनक्स टाकायचे, ‘एसएमबी डॉट कॉन्फ’ या साध्या मजकुरी फायलीत फोल्डरचे नाव, त्याचा पत्ता आणि लिहिण्याची मुभा आहे की नाही, एवढे नोंदवायचे, ‘टेस्टपार्म’ने चूक तपासायची. सांबाचा पासवर्ड मात्र ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ने वेगळा द्यावा लागतो, नवखे नेमके इथेच अडतात. व्यवहार 445 क्रमांकाच्या पोर्टवरून होतो. इंटरनेट बंद असले तरी काम चालते. संगणक, स्विच व राउटरला वीज मिळाली म्हणजे झाले.

2017 मध्ये उघड झालेल्या गंभीर त्रुटीमुळे सांबाच्या 3.5.0 पासूनच्या आवृत्त्या धोक्यात आल्या होत्या. म्हणून 445 हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नये.