आनंदीबाई ते ‘सहेली’

सन १८८२ मध्ये पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. आमच्या स्त्रिया पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे बोलण्यास धजत नाहीत आणि त्या संकोचापायी कित्येकींचे प्राण जातात, तेव्हा स्त्री-डॉक्टर तयार केल्या पाहिजेत, असे त्यांनी निक्षून सांगितले. औषध नव्हते असे नाही. ते बाईपर्यंत पोहोचत नव्हते.

पुढल्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघे दहा दिवस जगले होते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांना एम. डी. पदवी मिळाली, आणि त्या समारंभास रमाबाई समुद्र ओलांडून हजर राहिल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागावर आनंदीबाईंची नेमणूकही ठरली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वय होते एकवीस. त्याच सुमारास, १८८६ मध्ये, मुंबईस स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय उघडले व तेथे एडिथ पेची यांसारख्या स्त्री-डॉक्टर काम करू लागल्या.

दवाखाने झाले, डॉक्टरीणबाईही झाल्या. तरी दोन तपासण्यांच्या मधल्या काळात गरोदर बाई घरीच असते. पायांवर सूज आली, डोके सारखे दुखू लागले, तर ते साधे की धोक्याचे, हे तिला कोण सांगणार? सासूबाई ‘आम्हालाही झाले होते’ म्हणतात, आणि तेथेच विषय संपतो.

हे ओळखून स्त्री-रोगतज्ज्ञ डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये मुंबईत ‘अरमान’ ही संस्था स्थापिली. तिच्या ‘एममित्र’ या विनामूल्य योजनेत नाव नोंदविलेल्या बाईला, कितवा महिना आहे ते पाहून, टेलिफोनवर तिच्या भाषेत ध्वनिमुद्रित सूचना ऐकविल्या जातात. मूल वर्षाचे होईपर्यंत हा क्रम चालतो. पण माणसाचा स्वभाव पाहा! आरंभी आवडीने ऐकणाऱ्या पुष्कळ जणी पुढे ऐकेनाशा होतात. त्यांना कार्यकर्तीने स्वतः फोन करून विचारपूस केली तर त्या पुन्हा ऐकू लागतात. मात्र कार्यकर्त्या मोजक्या आणि माता हजारो. आज फोन करावा तो कोणाला?

येथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामास आली. गूगलच्या संशोधकांच्या साहाय्याने, मागच्या मातांनी कधी ऐकले व कधी सोडले याच्या नोंदींवरून यंत्राला शिकविले. वय, शिक्षण, घरातला फोन कोणाच्या मालकीचा, अशा माहितीवरून ते आठवड्याच्या फोनसाठी नावे सुचविते. २०२१ मध्ये सुमारे तेवीस हजार मातांचे तीन गट करून सात आठवडे परीक्षा घेतली. एका गटाला जादा फोन नाहीत, दुसऱ्याला पाळीपाळीने, तिसऱ्याला यंत्राने निवडल्याप्रमाणे. पाळीपाळीच्या फोनांनी फारसा फरक पडला नाही. यंत्राच्या निवडीने मात्र गळती सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाली. फोनांची संख्या दोहोंकडे सारखीच होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

माझ्या मते यातली मोलाची गोष्ट ही की यंत्र येथे वैद्य झाले नाही. बोलते ती बाईच. यंत्र फक्त दार दाखविते. तथापि ते नोंदींवरून शिकते, आणि जिच्याकडे फोनच नाही तिची नोंदही नाही. फोन नवऱ्याच्या खिशात असला तर संदेश ऐकतो कोण, हेही आपणां बायकांना सांगावयास नको. अशा बाईकडे पायीच जावे लागते.

एप्रिल २०२२ पासून ही निवड-पद्धती नेहमीच्या कामात आली, आणि पहिल्या वर्षाच्या सुमारासच ती लाखभर मातांपर्यंत पोहोचली. तिचे नाव ठेविले आहे ‘सहेली’.