अर्ध्या बुडालेल्या टेकड्या

मागच्या दिवाळीत आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने थायलंडच्या सहलीचं पोस्टर टाकलं. सकाळी आठला हॉटेलवरून गाडी, मग बोटीने बेट, तिथे स्नॉर्कलिंग, दुपारी जेवण, परतताना धबधबा, संध्याकाळी पुन्हा हॉटेल. गाइड सोबत, मास्क आणि लाइफ जॅकेट पैशातच धरलेलं. लगेच खाली कुणीतरी लिहिलं, ‘आणि आपल्या भंडाऱ्यात काय? धान आणि डास.’ त्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस.

मीही एक चेहरा टाकला. पण नंतर डोक्यात तेच घोळत राहिलं. बेट, धबधबा, बोट. हे सगळं तर आपल्याकडे आहे की. स्नॉर्कलिंगचं तेवढं अडतं. आणि ते का अडतं, हे शोधत गेलो तर जिल्ह्याचा तीनशे वर्षांचा इतिहास हाताशी येतो.

त्यासाठी नकाशा मात्र जुना घ्यावा लागेल. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि नवेगावबांधचा तलाव, हाजरा धबधबा दोन्ही तिकडे गेले. आमच्या घरातली मोठी माणसं अजून नवेगावला ‘आपल्या जिल्ह्यातलं’च म्हणतात. मीही इथे तसंच म्हणणार आहे.

नवेगावबांधच्या तलावाच्या मधोमध मालडोंगरी नावाचं बेट आहे. नावातच सगळं आलं: ती डोंगरी आहे. समुद्रातलं बेट ज्वालामुखीने होतं, प्रवाळाने होतं. आमच्याकडचं बेट माणसाने पाणी अडवल्यामुळे होतं. टेकडी आधीपासून उभी असते, भोवतालची जमीन बुडते, आणि उरलेल्या शेंड्याला आपण बेट म्हणून बोटीने पाहायला जातो.

हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. पसारा साधारण ११ चौरस किलोमीटरचा. डोंगरांमधल्या खिंडीत मातीची पाळ घातली की पावसाचं पाणी मागे भरत जातं; युक्ती एवढीच, पण ती पाळ कुठे घालायची हे कळायला जमिनीचा उतार पायांना माहीत असावा लागतो. भोवतीच्या सात डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात आणि पाळ बांधायला त्यांनीच कोलू पाटलाला हात दिला असं सांगतात. पुढे कोलू पाटलाचाच कोलासूर देव झाला. धरण बांधणाऱ्याचा देव होण्याचं उदाहरण पाटबंधारे खात्यात तरी अजून ऐकलेलं नाही.

कोहळ्यांना या कामाला लावलं गोंड राजांनी. परंपरा अशी सांगते की जो तलाव बांधेल, त्याच्या पाण्याने जेवढी जमीन भिजेल तेवढी त्याची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आणि बोड्या उभ्या राहिल्या. पाण्याच्या दाराला इकडे तुडूम म्हणतात. पाणी कुणाच्या बांधीत आधी आणि कुणाच्या नंतर सोडायचं, हे पाहायला गावाने नेमलेला माणूस असे. धानाला नेमक्या वेळी पाणी हवं असतं. लोंबी भरताना आठवडाभर पाणी चुकलं की तणस हाती येते, दाणा नाही. त्यामुळे ही वाटणी पोटापाण्याचा प्रश्न होती.

फार गोड चित्र रंगवायला नको. १८६० च्या दशकात इंग्रजांनी बंदोबस्त केला तेव्हा मालगुजारांना गावाचं मालक करून टाकलं. तलाव त्यांचा, सारा त्यांच्या हातून. ज्यांनी टोपल्यांनी माती वाहिली त्यातल्या बहुतेकांच्या नावे जमीन कधी झालीच नाही. तलावातली मासळी धरणारे ढिवर तर काठावरच राहिले. तरीही एक गोष्ट खरी की त्या तलावाचं पाणी त्याच गावाच्या शेतात जात होतं. ज्यांची जमीन बुडाली आणि ज्यांची भिजली, ती माणसं एकमेकांना रोज भेटत होती.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. तेव्हापासून कागदोपत्री त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि माणसांच्या तोंडी ‘मामा तलाव’. मोठे सिंचन खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. निस्तार हक्काने फुकट मिळणाऱ्या पाण्याला पट्टी लागली, पाळीची डागडुजी ‘कुणाची जबाबदारी’ या प्रश्नात अडकली, गाळ साचत गेला. मामा तलावांवर सगळ्यांचा हक्क आणि कुणाचीच काळजी नाही, अगदी खऱ्या मामासारखं.

आता पाण्याखाली काय दिसतं ते बघू. थायलंडचा गाइड तुम्हाला मास्क लावून जे दाखवतो, ते आमच्याकडे ढिवरांना मास्कविना माहीत असतं. तळ्याच्या कुठल्या भागात कुठली वनस्पती, कोणता मासा तिच्यात अंडी घालतो, मरळ कुठे दबा धरून बसते, हे त्यांना पायाच्या तळव्याने आणि जाळ्याच्या ओढीने कळतं. चिला, गाद, चौरा ही पाणवनस्पतींची नावं मला पुस्तकात नाही, काठावर ऐकायला मिळाली. सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने मिळू लागले तसे त्यात कटला, रोहू, मृगळ यांचं बीज पडू लागलं. वजन लवकर भरतं, बाजार तयार असतो. पण गावठी मासे मागे पडले आणि काठावर बेशरम माजलं. मनीष राजनकर आणि त्यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ गेली बरीच वर्षं ढिवरांसोबत याच प्रश्नावर काम करतं. उन्हाळ्यात उघडा पडलेला तलावाचा तळ नांगरायचा, बेशरम उपटायचं, पाणी आल्यावर जुन्या वनस्पती पुन्हा लावायच्या. शेतात पऱ्हे लावतात तशा बायका तळ्यात रोपं लावतात. पाणी भरल्यावर यातलं काही दिसत नाही. पर्यटकाला तर नाहीच.

धबधबा पटकन उरकतो. सालेकसा तालुक्यातला हाजरा, दरेकसा स्टेशनजवळ, नागपूर-हावडा रेल्वेमार्गाच्या बोगद्याच्या शेजारी. ही लाइन १८८० च्या दशकातली, छत्तीसगडचं धान्य नागपूरकडे आणायला टाकलेली. तेव्हापासून आगगाडीच्या खिडकीतून धबधबा पाहणारी माणसं पुष्कळ, उतरून पाहणारी थोडी. मध्ये बरीच वर्षं हा भाग नक्षलवादाच्या भीतीने ओळखला जायचा. आता पावसाळ्यात रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही.

पण भंडारेकराला धबधबा म्हटल्यावर खरं तर हाजरा आठवत नाही, गोसे आठवतं. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. त्याला ३३ दारं. ऑगस्टमध्ये ती उघडली की माणसं डबे बांधून पाहायला जातात. पाण्याचा आवाज छातीत बसतो आणि तुषारांनी मोबाइलची काच ओली होते. मीही गेलोय, व्हिडिओ काढलाय, स्टेटसला ठेवलाय. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला तेव्हा मात्र तो व्हिडिओ कुणी हौसेने पाहिला नसेल. भंडारा शहरात पाणी शिरलं होतं आणि खाली गडचिरोलीपर्यंत गावं वेढली गेली होती.

या धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. योगायोग म्हणजे तो वसुंधरा दिन. प्रकल्पाला नाव मिळालं इंदिरा सागर. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो हजारो कोटींवर गेला, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, कंत्राटांच्या चौकश्या झाल्या. उद्दिष्ट भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचं. पाणी आधी अडलं, कालवे मागून रखडत आले. पूर्ण भरल्यावर पातळी २४५.५ मीटर. हा आकडा भंडारा आणि कुही तालुक्यांतल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ आहे, कारण कुणाची विहीर, कुणाचं देऊळ, कुणाची बांधी या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, यावर त्यांचं आयुष्य ठरलं.

दोन जिल्ह्यांतली कितीतरी गावं उठली. नवी गावठाणं वसली. आखीव रस्ते, सिमेंटची शाळा, पण शेत नाही. नदीकाठी गाळपेरात पिकणारी टरबुजं, डांगरं, भाजीपाला हेही गेलं. ते तर सातबाऱ्यावर नव्हतंच, मग त्याचा मोबदला कोण मोजणार? वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, लोक पाण्यात उभे राहिले. २०१३ मध्ये सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज मिळालं. मागण्या तरीही थांबल्या नाहीत, आणि मला त्यात नवल वाटत नाही. कोलू पाटलाच्या तलावात बुडालेला माणूस त्याच तलावाच्या पाण्यावर धान लावू शकत होता. गोसेत बुडालेल्या माणसाच्या जमिनीवरून ते पाणी दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात जातं. दोन्हीकडे टेकड्यांची बेटं झाली. फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

या जलाशयाचं सगळ्यात देखणं ठिकाण आंभोरा. नकाशात नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात, पण समोरचा काठ भंडाऱ्याचा. वैनगंगा, कन्हान, आंब, मुरझा, कोलारी अशा पाच नद्यांचा संगम इथे मानतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर आहे आणि हरिनाथांची समाधी. मुकुंदराजांनी शके १११० म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये ‘विवेकसिंधू’ लिहिला तो इथेच, असं विदर्भात मानतात. मराठवाड्यात अंबाजोगाईचा दावा तितकाच जोरदार आहे. ग्रंथात वैनगंगेचा उल्लेख आहे यावर आमची बाजू उभी आहे, तर काही अभ्यासक ती रचनाकाळाची ओवीच मागाहूनची मानतात. हे भांडण मिटू नये असं मला मनातून वाटतं. त्यानिमित्ताने आंभोऱ्याचं नाव निघत राहतं.

अलीकडे इथे सुमारे सातशे मीटरचा केबलचा पूल झाला. उंचावर काचेआडून पाणी पाहायची गॅलरी आहे. त्याआधी पैलतीरी जायचं तर डोंगा, नाहीतर लांबचा वळसा. आता नागपूरहून दीड-दोन तासांत माणसं येतात, बोटीत बसतात, रील काढतात आणि घाटावर चुलीवरचं जेवण जेवून परततात. जलपर्यटनाच्या मोठ्या योजनाही आहेत. म्हणजे पोस्टरवरची सहल जवळजवळ तयार आहे.

फक्त मास्क लावून कुणी पाण्यात डोकं घालणार नाही. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती हिवाळ्यात पाणी नितळ होतं, खडकांवर प्रवाळ आहे, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि बोटवाल्याला खडक तोंडपाठ असतो कारण त्याचे आजोबा तिथेच मासे धरत. तिथे मास्कला अर्थ आहे. इथे नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये येतं आणि कन्हानमधून या जलाशयात. धरण झाल्यापासून ते वाहूनही जात नाही, थांबतं. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, जलपर्णीचे गालिचे पसरतात. भंडारा शहर याच वैनगंगेचं पाणी पितं. नागपुरात फ्लश दाबणारा आणि रविवारी आंभोऱ्याला येऊन ‘काय सुंदर पाणी’ म्हणणारा माणूस एकच असू शकतो. तो मीही आहे, पाच वर्षं नागपूरला नोकरी केली.

परवा जानेवारीत मी आणि पोस्टर टाकणारा मित्र दोघेही आंभोऱ्याला गेलो. बोटवाले काका साठीचे असतील. पुलाखालून गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. सगळे गॅलरीकडे फोन करून फोटो काढत होते. मी विचारलं, काका, तुमचं गाव कोणतं? त्यांनी हात पुलाकडे केला नाही, तीस-चाळीस हात दूर पाण्याकडे केला.

"थ्या तिकडं होती जी आमची बांधी. अन् तिच्यापल्याड चिचेचं झाड. उन्हाळ्यात पाणी उतरलं का खोड दिसते."

मित्राने विचारलं, अजून दिसतं? ते म्हणाले, "मागच्या साली दिसलं होतं. यंदा पाहू."

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या बाईंनी मुलाचं लाइफ जॅकेट टोचतं म्हणून तक्रार केली. काकांनी पट्टा सैल करून दिला, इंजिनाची दोरी ओढली आणि बोट घाटाकडे वळवली. काठावर पुढचे बारा जण जॅकेटांसाठी थांबले होते.