चारशे बातची खोली आणि रजिस्टरात नसलेली माणसं

गेल्या वर्षी आमच्या गावातल्या व्यापारी मित्रांचा ग्रुप थायलंडला निघाला. व्हिसा लागत नाही म्हटल्यावर निम्मी बाजारपेठ तयार झाली होती. मीही पैसे भरले. बँकॉकपर्यंत सगळ्यांबरोबर होतो. तिथून मंडळी पटायाला गेली आणि मी दोन दिवसांसाठी कांचनाबुरीला सटकलो. परत आल्यावर माझ्याबद्दल काय काय पसरलं ते जाऊ द्या. "पत्रकार एकटाच कुठं गेला होता?" हा प्रश्न टपरीवर अजून येतो. ही पोस्ट म्हणजे त्याचं उत्तर समजा. लांब झालीय, सवडीने वाचा.

बँकॉकच्या थोनबुरी स्टेशनवरून सकाळी आठच्या आसपास गाडी सुटते. थर्ड क्लास, पंखे, उघड्या खिडक्या. परदेशी माणसाला शंभर बात तिकीट. जेमतेम तीन तासांत कांचनाबुरी. दोन नद्यांच्या संगमावरचं गाव, आसपास ऊस आणि साखर कारखाने. बोर्ड थाई नसते तर आपल्याकडचंच एखादं तालुक्याचं ठिकाण वाटलं असतं.

मी नदीकाठच्या एका साध्या हॉटेलात उतरलो. चारशे बात, म्हणजे आपले हजारेक रुपये. चपला बाहेर काढायच्या. लाकडी खोली, एक पंखा, खिडकीला जाळी. संडासात आपल्यासारखाच जेट, त्यामुळे निम्मी चिंता तिथेच मिटली. रात्री छपरात टोके ओरडतो. ही तिकडची मोठी पाल, स्वतःचंच नाव घेत बसते. तेवढ्यात नदीतून कराओके लावलेला तराफा जातो आणि पालीचा आवाज बंद.

मालकीणबाई साठी-पासष्टीच्या. त्यांनी आधी पासपोर्टचा फोटो काढला, मग जाड रजिस्टरात माझं नाव, नंबर, तारीख एकेक अक्षर बघून उतरवून घेतली. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवायचं, असा तिथला कायदा आहे. लिहून झाल्यावर त्या आतल्या पोराला काहीतरी म्हणाल्या, त्यातला 'खेक' एवढाच शब्द मला कळला. नंतर मोबाईलच्या भाषांतरावर विचारलं. थाईत 'खेक' म्हणजे पाहुणा. आणि भारतीय, मलाय, अरब दिसणारा माणूस, तोही 'खेक'च.

आणखी एका शब्दाची गंमत. मी टुकटुकवाल्याला सांगितलं, "रिव्हर क्वाय". त्याने डोक्यावर दोन बोटं धरून शिंगं दाखवली आणि खो खो हसला. 'क्वाय' म्हणजे म्हैस! नदीचं नाव 'क्वे'. १९५७ च्या त्या प्रसिद्ध इंग्रजी सिनेमामुळे जगभर म्हैस झाली. आणि खरं तर जिथे तो पूल आहे ती नदी तेव्हा क्वे नव्हतीच, ती मे क्लाँग. फ्रेंच लेखक पियेर बूल याने १९५२ च्या कादंबरीत गफलत केली, सिनेमा गाजला, पर्यटक येऊन क्वे नदीवरचा पूल मागायला लागले. मग १९६० च्या आसपास थाई लोकांनी पुलाखालच्या नदीचंच नाव बदलून 'क्वे याई' केलं. सिनेमासाठी नदीचं नाव बदलणारं दुसरं गाव मला तरी माहीत नाही. सिनेमाचं शूटिंगही इथलं नाही, श्रीलंकेतलं.

पुलावरून चालता येतं. कमानीसारखे गोल सांगाडे मूळचे, जपान्यांनी जावा बेटावरून आणलेले. मधले दोन सरळ कोनाचे नंतरचे, कारण तो भाग दोस्तांच्या विमानांनी बॉम्ब टाकून पाडला होता. लोक सेल्फी काढतात, गाडी आली की कडेच्या छोट्या जागेत सरकतात. मीही काढले, खोटं कशाला बोलू.

आता मुद्द्याचं. जपानने १९४२ साली ब्रह्मदेश घेतला, पण तिथल्या फौजेला रसद न्यायची तर सिंगापूरला वळसा घालून समुद्रातून जावं लागायचं आणि त्या पाण्यात शत्रूच्या पाणबुड्या होत्या. म्हणून थायलंडच्या बान पाँगजवळून ब्रह्मदेशातल्या थानब्युझायापर्यंत ४१५ किलोमीटरची रेल्वे टाकायचं ठरलं. मधे डोंगर, जंगल, मलेरिया. यंत्रं जवळजवळ नाहीत. दोन्ही टोकांकडून काम सुरू झालं आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये रूळ जोडले गेले. साधारण सव्वा वर्षात! १९४३ च्या पावसाळ्यात कॉलरा आला, आणि नेमकं तेव्हाच काम उरकायची घाई शिगेला पोचली होती.

हे काम साठ हजारांवर युद्धकैद्यांनी केलं: इंग्रज, ऑस्ट्रेलियन, डच, थोडे अमेरिकन. त्यातले सुमारे तेरा हजार मेले. पुस्तकं, सिनेमे, म्युझियम प्रामुख्याने त्यांचीच.

पण लाईनवर त्यांच्या जवळजवळ तिप्पट दुसरी माणसं होती. ब्रह्मी, मलाय, जावाचे, चिनी, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तामिळ मजूर. जपानी त्यांना 'रोमुशा' म्हणत. मिळून दोन लाखांच्या आसपास असावेत. मेले किती? ऐंशी हजार ते एक लाख, असा अंदाज सांगतात. बघा, गोऱ्या कैद्यांचा आकडा हजारात पक्का आणि या लोकांच्या आकड्यात वीस हजारांची ढिलाई. वीस हजार म्हणजे आमच्या तालुक्यातली कितीतरी गावं.

तिथे गाईड "एका स्लीपरमागे एक जीव" असं सांगतात. हिशेब करून पाहिला तर ते जमत नाही, स्लीपर कितीतरी जास्त असतात. पण सगळे मिळून लाखभर मृत धरले तर किलोमीटरला दोनशेच्या वर माणसं निघतात. वाक्य सजवायची गरज नाही, आकडाच पुरेसा आहे.

स्टेशनपासून चालत अंतरावर युद्धातल्या मृतांची दफनभूमी आहे. जवळपास सात हजार कबरी. हिरवळ कापलेली, प्रत्येक कबरीवर नाव, वय, पलटण, खाली घरच्यांनी पाठवलेली एखादी ओळ. आपल्या पुण्यात खडकीला अशी दफनभूमी आहे ना, तिची काळजी घेणारं कमिशनच इथलीही घेतं. एवढी नावं कशी काय सापडली, हा माझा पहिला प्रश्न, धंद्याच्या सवयीने. उत्तर समोरच्या रेल्वे म्युझियममध्ये मिळालं. छावण्यांमध्ये कैद्यांचे अधिकारी आणि डॉक्टर चोरून नोंदी ठेवत. कोण मेला, कशाने, कुठे पुरला. सापडलं तर मार ठरलेला, म्हणून कागद बाटलीत घालून कबरीतच पुरायचे. युद्ध संपल्यावर सप्टेंबर १९४५ मध्ये तेरा जणांची तुकडी तीन आठवडे लाईनभर फिरली. १४४ ठिकाणी दहा हजारांवर कबरी हुडकल्या. नोंद आहे आणि कबर सापडली नाही, अशा फक्त ५२.

मजुरांकडे अधिकारी नव्हता, डॉक्टर नव्हता, कागद-पेन्सिल नव्हती. मळ्यावर सांगितलं गेलं की तीन महिन्यांचं काम आहे, रोज पगार, राशन. पहिल्यांदा लोक आपणहून गेले. परत कुणी येईना म्हटल्यावर मग धरपकड. फुकट सिनेमा दाखवतो म्हणून बोलवायचं, दारं लावून घ्यायची आणि आतल्या पुरुषांना गाडीत भरायचं, अशा हकिकती मलायात सांगितल्या जातात. काही जण बायका-पोरांसकट गेले. कॉलऱ्याच्या छावणीत त्यांना पुरायलाही कोणी नसे, मग सामुदायिक खड्डे, नाहीतर जाळून टाकणं. कधीकधी तर जीव असतानाच, असं जगून परतलेले कैदी सांगतात.

इथे आपल्याला अवघड वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. याच रेल्वेने पुढे आझाद हिंद फौजेच्या तुकड्या ब्रह्मदेशाकडे गेल्या. आणि मलायातले कितीतरी तामिळ तरुण त्या फौजेत शिरले, त्याचं एक कारण म्हणजे नाव फौजेत असलं की रेल्वेवर जावं लागत नव्हतं. नेताजींबद्दलचा आदर याने कमी व्हायचं काही कारण नाही. पण शाळेत मला यातलं एक अक्षर कुणी शिकवलं नाही.

दफनभूमीच्या प्रवेशाच्या इमारतीत भिंतीवर ११ नावं वेगळी लिहिलेली आहेत. अविभाजित हिंदुस्थानच्या फौजेतले हे शिपाई थायलंडच्या मुस्लिम कब्रस्तानांत पुरले होते, पण त्या कबरी राखता आल्या नाहीत म्हणून निदान नावं इथे. अकरा तर अकरा. ते शिपाई होते, पलटणीच्या यादीत होते. तामिळ मजूर कुठल्याच यादीत नव्हते.

पुलाजवळ जपानी सैन्यानेच १९४४ मध्ये उभारलेलं एक स्मारक आहे, कामावर मेलेल्यांसाठी. त्यावर तामिळमध्येही मजकूर आहे. मला तामिळ येत नाही, अक्षरांचं वळण तेवढं ओळखलं. ज्यांनी मारलं त्यांनीच दगड उभा केला, आणि तोही काम उरकल्यावर वर्षभराच्या आत. जिंकलेल्यांनी मात्र मजुरांसाठी काही केलं नाही. १९९० मध्ये कांचनाबुरीतल्या एका उसाच्या शेतात शेकड्यांनी सांगाडे निघाले, तेव्हा हे लोक कोण असावेत याची थोडी चर्चा झाली. दफनभूमीजवळच्या वाट थावॉर्न या देवळाच्या आवारात २०२३ मध्ये मलेशियातल्या तामिळ लोकांनी या मजुरांसाठी एक 'नडुकल' उभा केला. नडुकल म्हणजे आपली वीरगळ. आपल्याकडे शेंदूर फासून गावाबाहेर ठेवलेली असते ना, तीच परंपरा. मजुरासाठी वीरगळ हे मी पहिल्यांदाच पाहिलं आणि बराच वेळ तिथे बसून राहिलो. दोन कुत्री आणि मी.

संध्याकाळी मालकीणबाईंना फोनवर टाईप करून विचारलं, लहानपणी काही ऐकलं होतं का? त्यांनी बोलायला सुरुवात केली, मधेमधे मशीन काहीही बडबडत होतं. कळलं ते एवढंच, की त्यांची आई पोरांना दिवेलागणीनंतर नदीच्या एका काठाला जाऊ देत नसे. का, तर तिथे 'खेक' आहेत. मशीनने त्याचं भाषांतर केलं 'पाहुणे'.

आता तुम्ही म्हणाल, हा थायलंडचं इथे कशाला सांगतोय? तर माझं गाव कर्जत-खोपोली पट्ट्यातलं, बोरघाटाच्या पायथ्याचं. घाटातली रेल्वे १८५६ ला सुरू होऊन १८६३ ला झाली. एका वेळी चाळीस हजारांवर माणसं तिथे राबत होती, तिथेही कॉलरा होता, हजारोंनी मेले. मुख्य इंजिनिअर बर्कली हे नाव मला पाठ आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत गेला आणि त्याच्या बायकोने, अॅलिसने, काम पुढे नेलं, हा लेख मीच दोनदा लिहिलाय. बोगदे फोडणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला सांगता येणार नाही. आणि मी याच घाटातून आठवड्यातून दोनदा जातो.

पण तेही जुनं झालं. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, पावसाळ्यात आमच्या भागात एका बांधकामावर मजुरांच्या पत्र्याच्या शेडवर भिंत पडली. पाच जण गेले. बातमी मी केली. रात्री साडेनऊला पान सोडायचं होतं. मथळा होता, 'भिंत कोसळून पाच परप्रांतीय मजूर ठार'. आत ओळ होती, 'मृतांची नावे उशिरापर्यंत समजू शकली नाहीत.' पाहणी करायला आलेल्या पुढाऱ्यांची चारही नावं मात्र पदांसकट छापली होती. दुसऱ्या दिवशी फॉलोअप करायचा होता. दुसऱ्या दिवशी गावात पाणी भरलं आणि तो राहून गेला. माझ्याकडून राहिला, दुसऱ्या कुणाला बोल नाही.

त्या चारशे बातच्या खोलीत टोके ओरडत असताना मला हीच ओळ आठवत होती. बाईंनी मला दोन रात्रींसाठी रजिस्टरात घेतलं होतं, पासपोर्ट नंबरासकट.

परत आल्यावर शोधायला लागलो. ठेकेदाराने फोन ठेवला. मजुरांची हजेरी मुकादमाच्या मोबाईलमध्ये असायची आणि तो मुकादम आता कुठे आहे कुणाला माहीत नाही. ओळखीच्या एका हवालदारांनी जुनी आकस्मिक मृत्यूची नोंद काढून दिली. तीन नावं मिळाली, त्यातली दोन गावासकट. उरलेल्या दोघांपुढे 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय २५' आणि 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय ४०' एवढंच आहे. अनोळखी कसले, एकाच शेडमध्ये झोपत होते, शेजारच्यांना माहीत असणारच की.

मिळालेली नावं इथे टाकत नाही, आधी घरच्यांशी बोलायचंय. एका गावच्या सरपंचांचा नंबर मिळालाय, लागत नाही. त्या साईटवर २०१७-१८ च्या पावसाळ्यात कुणी काम केलं असेल, डबे पुरवले असतील, किराणा उधारीवर दिला असेल, तर मला इनबॉक्सात कळवा. किराणावाल्यांच्या उधारीच्या वहीत नाव असतंच. जुन्या वह्या टाकून दिल्या नसतील तर प्लीज एकदा चाळा.