मनाचा ताण आणि खिशांतील यंत्र

मनाचा ताण मोजावा कसा, हा प्रश्न जुना आहे. तो प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर कसा पडला, एवढेंच, श्रोतेहो, आज सांगावयाचें आहे.

१९३६ सालीं माँट्रियल येथील हान्स सेली यांनीं उंदरांवरील प्रयोगांविषयीं एक लहानसें पत्र ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य, कारण कोणतेंहि असो. उंदराच्या शरीरांत बदल होत ते एकाच प्रकारचे. मूत्रपिंडावरील ग्रंथि वाढत, जठरांत व्रण पडत. टिकून राहिलेला ताण शरीर झिजवितो, ही कल्पना पुढें यांतूनच रूढ झाली. परंतु उंदीर पिंजऱ्यांत होता. मनुष्याचा ताण कचेरींत, परीक्षेच्या आदल्या रात्रीं, घरभाड्याच्या तगाद्यांत वाढतो; आणि तो डॉक्टरांपुढें जाऊन बसतो तेव्हां ‘गेला महिना कसा गेला?’ या साध्या प्रश्नाचें उत्तर त्यास नीटसें आठवत नाहीं.

यंत्र मनुष्याबरोबर चालूं लागलें तें प्रथम हृदयाच्या अभ्यासासाठीं. अमेरिकेंतील नॉर्मन होल्टर यांनीं हृदयाचा आलेख रेडिओवरून पाठविणारें एक यंत्र बनविलें. तें पाठीवर बांधावें लागे, आणि त्याचें वजन होतें सुमारें ८५ पौंड! एवढें ओझें घेऊन कोणाचें हृदय शांत राहणार? १९६१ सालीं त्यांनीं ‘सायन्स’मध्यें आपली पद्धति मांडली, तोंवर यंत्र पुष्कळच लहान झालें होतें. पुढच्या दशकांत शिकागो येथें चिक्सेंटमिहाय यांनीं लोकांजवळ पेजर दिले. तो अवचित वाजला कीं, त्या क्षणीं आपण काय करीत आहों आणि मनाची स्थिति कशी आहे, हें लिहावयाचें. होल्टरांमुळें शरीराची साक्ष मिळाली, पेजरमुळें मनाची.

स्मार्टफोनांत या दोन्ही साक्षी एकत्र आल्या. २०१३ च्या वसंत सत्रांत डार्टमथ कॉलेजमध्यें अँड्र्यू कॅम्पबेल व त्यांचे सहकारी यांनीं ४८ विद्यार्थ्यांचें १० आठवडे निरीक्षण केलें. फोनची हालचाल, खोलींतील उजेड आणि शांतता यांवरून झोपेचा अंदाज बांधला जाई. आवाजावरून संभाषण किती वेळ चाललें तें कळे. त्यांतील शब्द मात्र टिपले जात नसत. शिवाय फोनच मधून मधून विचारी, ताण किती वाटतो? सत्राच्या आरंभीं मुलें उल्हसित होतीं. अभ्यासाचा भार चढला तसा ताण वाढला. झोप, बोलणें, हिंडणेंफिरणें कमी झालें. रोज थोडथोडें आटणारें बोलणें ज्याचें त्यास जाणवत नाहीं. दहा आठवड्यांचा आलेख समोर ठेवला म्हणजे तें दिसतें. या प्रयोगाचें खरें मोल मला यांत वाटतें.

अशीं चिन्हें दिसूं लागतांच फोननें मंद श्वसनाची किंवा चार पावलें चालण्याची आठवण द्यावी, असेहि प्रयत्न झाले आहेत. पण फोनला ताण दिसत नाहीं, त्याच्या पाऊलखुणा दिसतात. दोन तास निश्चल पडलेला फोन वाचनांत रमलेल्याचा कीं खचून बसलेल्याचा, हें त्यास काय ठाऊक? छाती भयानें धडधडते, तशी जिना चढल्यानेंहि. डार्टमथ येथें विद्यार्थ्यांस विचारणें सोडलें नव्हतें, तें याचसाठीं.

तेथील माहिती इतर संशोधकांस खुली करतांना विद्यार्थ्यांचीं नांवें वगळलीं होतीं. कचेरीनें दिलेल्या फोनांतील नोंदी कोणाकडे जातात, हें विचारण्याचें मात्र आपल्यापैकीं फार थोड्यांस सुचतें.