कलम गेलं, भीती राहिली

आज थोडं कायद्याच्या इतिहासाबद्दल बोलू. विषय जड आहे, पण आपल्याच दारातला आहे.

1860 साली इंग्रज सरकारने भारतीय दंड संहिता केली. तिच्यातल्या 309 कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणं हा गुन्हा होता. वर्षभरापर्यंत कैद होऊ शकत असे. ज्याला जगणं नकोसं झालं, त्याच्याच मागे पोलीस केस. इंग्रज गेले, कलम राहिलं.

मुंबईत एक पोलीस शिपाई होते. 1981 साली अपघातात त्यांच्या डोक्याला मार लागला आणि मानसिक आजार जडला. संसाराला आधार म्हणून भाजीच्या दुकानाची परवानगी मागितली, ती मिळेना. 1985 मध्ये महापालिकेच्या कचेरीपाशीच त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचले, तर खटला उभा राहिला. आजार, पैशाची ओढाताण आणि सगळीकडून बंद झालेली दारं, असं सगळं एकत्र आलं होतं. 1986 साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने हे कलम रद्दबातल ठरवलं. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. पण 1996 मध्ये मोठ्या घटनापीठाने ते पुन्हा वैध ठरवलं.

मग 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असं धरून चालायचं, तिला शिक्षा करायची नाही आणि सरकारने तिला उपचार द्यायचे, असं त्यात सांगितलं. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता लागू झाली, त्यात ते जुनं कलम नाही.

कलम गेलं, पण भीती घरात राहिली. आमच्या गटातल्या एका ताईला दवाखान्यात नेलं, तेव्हा घरच्यांनी "चक्कर आली" एवढंच सांगितलं. त्याआधी तीन महिने ती बैठकीला येत नव्हती. घरात दारू, मारहाण, डोक्यावर कर्ज. झोप उडालेली. आम्ही निरोप काय धाडला? "हप्ता चुकलाय." तू कशी आहेस, हे कुणी विचारलंच नाही. ती वाचली, आज गटात आहे. आम्हाला मात्र ते अजून सलतं.

आता आम्ही हजेरी घेताना न आलेल्या बाईच्या घरी दोघी जातो. हप्त्याचं नंतर बोलतो. आधी बसतो, ऐकतो. "जीव नकोसा वाटतो का?" असं सरळ विचारतो. विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही, उलट मन मोकळं होतं. "हो" म्हणाली, तर तिला एकटी सोडत नाही. आशाताईला सांगतो, सरकारी दवाखान्यात सोबत जातो. मारहाण असेल, तर तिला पुन्हा निमूट त्याच घरात ढकलत नाही.

टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालू आहे, मराठीत बोलता येतं. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर तो आजच लिहून ठेवा.