रूळ नसलेल्या मतदारसंघाचे खासदार

१९७७च्या मार्चमध्ये प्रा. मधु दंडवते केंद्रात रेल्वेमंत्री झाले, तेव्हा ज्या राजापूर मतदारसंघाने त्यांना निवडून दिले होते तिथे रेल्वेचा एक फूटही रूळ नव्हता. या विसंगतीचे त्या काळी अनेकांना कौतुक वाटले, काहींना हसू आले. पण तिच्यामागे एक लांबलचक संसदीय कहाणी आहे आणि ती दंडवत्यांच्याही आधी सुरू होते. १९५७ ते १९९१ या चौतीस वर्षांत राजापूरला दोनच खासदार लाभले. पहिली चौदा वर्षे बॅ. नाथ पै आणि पुढची वीस वर्षे दंडवते. दोघे समाजवादी, दोघे फर्डे वक्ते आणि दोघेही बहुतेक काळ विरोधी बाकांवर. सत्ता नाही, निधी नाही, अशा स्थितीत आपल्या मतदारांची रोजची अडचण हे खासदार लोकसभेत कशी नेत होते आणि नेऊन त्यातून काय साधले, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे.

आधी मतदारसंघ पाहू. त्या काळचा राजापूर मतदारसंघ म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग. १ मे १९८१ रोजी याच जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. भातशेती तुटपुंजी, आंब्या-काजूचे उत्पन्न मोसमी आणि घरटी एखादा तरी माणूस मुंबईत. गिरणीत, गोदीत, एखाद्या पेढीवर किंवा कुणाच्या घरी राबणारा हा चाकरमानी महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर करी आणि तिच्यावर गावाकडची चूल पेटे. त्याला गावी यायचे तर दोन वाटा होत्या. एक समुद्राची. बोट पावसाळ्याच्या तोंडावर बंद होई ती पावसाळा सरल्यावरच सुरू होई. बऱ्याच बंदरांत ती धक्क्याला लागतच नसे. खोल पाण्यात उभी राही आणि बायकामुले, बोचकी, ट्रंका पडावातून किनाऱ्यावर आणाव्या लागत. दुसरी वाट घाटाघाटांतून जाणाऱ्या एसटीची. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या अपघाताची आठवण कोकणातल्या घराघरांत पुढे कितीतरी वर्षे ताजी होती.

या जगण्याचा दिल्लीशी संबंध कसा पोहोचतो, हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दिसते. पाणीपुरवठा, शेती, पोलीस, गावचे रस्ते हे राज्याचे विषय. त्यांवर लोकसभेत प्रश्न विचारला तर ‘हा विषय राज्य सरकारचा’ एवढे उत्तर मिळणार. पण रेल्वे, टपाल-तार, दीपगृहे आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या सूचीत येतात, तर लहान बंदरे समवर्ती सूचीत. म्हणजे मनीऑर्डर, तार, मुंबई-गोवा रस्ता, बंदर आणि नसलेली आगगाडी, या चाकरमान्याला गावाशी जोडणाऱ्या साऱ्या गोष्टींबद्दल दिल्लीला जाब विचारता येत होता. इतर मतदारसंघांत खासदाराचे काम मतदारांपासून दूरचे वाटे. कोकणात मात्र ते पोस्टमनच्या पिशवीपर्यंत आणि बंदरापर्यंत येऊन भिडत होते.

जाब विचारण्याचा हा अधिकार आयता मिळालेला नाही. १८६१च्या कायद्याने आलेल्या कायदेमंडळांत सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती. ती १८९२च्या कायद्याने मिळाली, पण उत्तरावर पुढचा प्रश्न विचारता येत नसे. सरकारने काहीही सांगावे आणि सभासदाने खाली बसावे, असा तो प्रकार. उपप्रश्नाचा हक्क १९०९च्या सुधारणांनी दिला, तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्याला. अशा बांधलेल्या हातांनी काम करणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले अग्रभागी होते. १९०२च्या पहिल्याच अर्थसंकल्पी भाषणात त्यांनी मिठावरच्या कराचा विषय घेतला. गरिबाच्या ताटातली ही सर्वांत स्वस्त वस्तू. तिच्यावर मणाला अडीच रुपये कर होता. १९०३मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५मध्ये दीड आणि १९०७मध्ये एक रुपया. अर्थसंकल्पावर मतदानाचा अधिकार नसलेल्या सभागृहात हे घडले. सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडायचे आणि शिल्लक असताना कर कशासाठी, एवढाच प्रश्न लावून धरायचा, ही गोखल्यांची रीत. पुढे नाथ पै आणि दंडवते ज्या वाटेने गेले, तिचा उगम इथे सापडतो.

स्वतंत्र भारताच्या लोकसभेत हत्यारे वाढली. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळते. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. अनुदानाच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते. तिचा एक प्रकार फार बोलका आहे : मंत्रालयाच्या मागणीतून फक्त १०० रुपये कमी करा, असे सुचवायचे. शंभर रुपयांनी कुणाचे काही अडत नाही. पण त्या निमित्ताने एखादे नेमके गाऱ्हाणे सभागृहापुढे येते. याखेरीज नियम ३७७ खाली स्थानिक महत्त्वाची बाब मांडता येते. एक अट मात्र आहे. क्षुल्लक बाबींवर प्रश्न विचारता येत नाही, असे नियमच सांगतात. आता क्षुल्लक कशाला म्हणायचे? वेंगुर्ल्याच्या बंदरात म्हातारी माणसे पडावातून कशी उतरतात, हे दिल्लीला क्षुल्लक वाटू शकते. ते क्षुल्लक नाही हे पटवून देणे, हेच खासदाराचे पहिले काम ठरते.

नाथ पै १९५७मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत प्रजा समाजवादी पक्षातर्फे निवडून आले आणि १९६२, १९६७ अशा पुढच्या दोन्ही निवडणुका जिंकले. त्यांची देशभरची ओळख मोठ्या विषयांमुळे झाली : परराष्ट्र धोरण, गोवामुक्ती, सीमाप्रश्न. गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी १९६७मध्ये त्यांनी आणलेले खासगी विधेयक घटनेच्या अभ्यासकांना आजही ठाऊक असते. पण हाच माणूस कोकण रेल्वेची मागणीही लोकसभेत सातत्याने मांडत होता. सभागृहाबाहेर अ. ब. वालावलकरांसारखे लोक लिखाण आणि आराखडे यांच्या बळावर या मार्गाचा पाठपुरावा करत होते. अभ्यास बाहेर व्हायचा आणि त्याचा आवाज आत उठायचा.

उत्तर अर्थात नकाराचे. पण नकारालाही कारणे द्यावी लागतात. १९ डिसेंबर १९६१पर्यंत गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. मुंबईहून मंगळूरकडे किनाऱ्याने सरळ जाणारा मार्ग परक्या मुलखातून न्यावा लागला असता. ती अडचण गोवामुक्तीने संपली. उरली पैशांची. सह्याद्रीच्या पायथ्याचा चढउतार, पावलोपावली नद्या आणि खाड्या, त्यामुळे प्रचंड खर्च. कारखाने नाहीत म्हणून मालवाहतूक कमी. म्हणजे गुंतवणुकीवर परतावा नाही. या तर्काला आतून उत्तर नव्हते. रेल्वे नाही म्हणून उद्योग नाहीत आणि उद्योग नाहीत म्हणून रेल्वे नाही, असे हे रहाटगाडगे होते. नाथ पैंच्या हयातीत ते थांबले नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात त्यांचे निधन झाले, वय अवघे अठ्ठेचाळीस.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत दंडवते राजापूरमधून निवडून आले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा हा अहमदनगरचा माणूस कोकणाने आपला मानला. नाथ पैंनी सोडलेला धागा त्यांनी उचलला. आणीबाणीत तुरुंगवास झाला, जनता पक्षाचे सरकार आले आणि प्रश्न विचारणारा खासदार उत्तर देणाऱ्या खुर्चीत बसला.

इथे या कहाणीतले सर्वांत महत्त्वाचे वळण येते. रेल्वेमंत्र्याने आपल्या मतदारसंघात गाडी न्यावी, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. दंडवत्यांना ते जमले नाही. परताव्याचा नियम आणि नियोजन आयोगाची कात्री मंत्र्यालाही चुकत नव्हती. त्यांच्या कारकिर्दीत आपटा ते रोहा हा टप्पा हाती घेतला गेला आणि १९८६मध्ये गाडी रोह्यापर्यंत आली. राजापूर तिथूनही शेकडो मैल प्रवासाइतके दूर वाटत होते.

मात्र दुसरी एक गोष्ट त्यांनी केली. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तेव्हा लाकडी फळ्या असत. रात्ररात्र त्यांवर पाठ टेकणाऱ्यांत साहेबलोक नव्हते. होते ते कामगार, शिक्षक, परीक्षेला निघालेले विद्यार्थी. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी बसवण्याचा निर्णय घेतला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तिला फक्त दुसऱ्या वर्गाचे डबे होते. वेगवान गाडी श्रीमंतांसाठीच, हा समज तिने मोडला. गादी ही बाब तशी क्षुल्लकच म्हणायची. पण पुढे देशातल्या कोट्यवधी प्रवाशांनी तिच्यावर झोप घेतली. आपल्या मतदारांना गाडी देऊ न शकलेल्या मंत्र्याने सगळ्या देशाच्या पाठीखाली गादी घातली. मतदारसंघाची अडचण मतदारसंघापुरती न ठेवता तिचा सर्वांसाठी नियम कसा करायचा, याचा हा धडा होता.

कोकणची कोंडी फुटली ती १९९०मध्ये. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री होते, मूळचे मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि उत्तर कन्नडचे रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. पश्चिम किनाऱ्याशी नाते असलेली तीन माणसे एकाच वेळी नेमक्या तीन जागी बसली, हा योगायोग पुष्कळदा सांगितला जातो. पण केवळ योगायोगाने रूळ पडत नाहीत. या तिघांना नकाराचे नेमके कारण तोंडपाठ होते, हे जास्त महत्त्वाचे. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून पैसा मिळणार नाही, हे तीस वर्षांच्या प्रश्नोत्तरांनी पक्के झाले होते. म्हणून त्यांनी अर्थसंकल्पालाच वळसा घातला. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ५१ टक्के भांडवल रेल्वेचे, २२ टक्के महाराष्ट्राचे, १५ टक्के कर्नाटकाचे आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के. उरलेला मोठा भाग करमुक्त रोख्यांतून उभा करायचा. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, जवळपास दोन हजार लहानमोठे पूल आणि नव्वदहून अधिक बोगदे तयार झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर गाडी धावली.

म्हणून मला वाटते, संसदेतल्या प्रश्नाचे मोल त्याला ‘होय’ उत्तर मिळाले की नाही यावर मोजू नये. प्रश्न सरकारला नकाराचे कारण नोंदवायला लावतो. ते कारण एकदा कागदावर आले की त्यावर उपाय शोधता येतो. आज नाही तर पुढच्या पिढीत.

मतदारांनी या चिकाटीचे काय केले? महामंडळ स्थापन झाल्याला पुरते वर्षही उलटले नव्हते, तोच १९९१च्या निवडणुकीत दंडवते राजापुरात पराभूत झाले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. कारणे अनेक होती. राजीव गांधींच्या हत्येने देशाचे वातावरण बदलले होते आणि कोकणात शिवसेनेचा जोर वाढत होता. याला कृतघ्नता म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मतदार आजच्या अडचणीवर मत देतो आणि संसदीय कामाचे फळ वीस-तीस वर्षांनी लागते. या दोन घड्याळांचा मेळ लोकशाहीत क्वचितच बसतो.

कदाचित त्यामुळेच पुढे वेगळा मार्ग निघाला. डिसेंबर १९९३मध्ये खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना सुरू झाली. आज एका खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. समाजमंदिर, बसथांबा, बोअरवेल अशी कामे होतात, फलक लागतात आणि कामगिरी डोळ्यांना दिसते. हे वाईट नाही. गावाला बोअरवेलही हवीच असते. पण नाथ पै आणि दंडवते यांच्याजवळ असा निधी नव्हता, त्यांच्याजवळ फक्त प्रश्न होता. निधीतून बोगदा खोदता येत नाही आणि शयनयानातल्या फळ्यांवर गादीही बसवता येत नाही. हातात पैसा आला की विचारण्याची सवय सुटते, हा त्या योजनेचा न दिसणारा खर्च आहे.

आणि विचारण्यासारखे अजून पुष्कळ आहे. गाडी आली, पण मार्ग बव्हंशी एकेरीच राहिला. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या कोकणातल्या लहान स्थानकांवर न थांबता पुढे जातात. गणपतीच्या दिवसांत चाकरमान्याला आरक्षणासाठी तेव्हाइतकेच झगडावे लागते. फक्त बंदराची जागा आता फलाटाने घेतली. १९९०मध्ये ज्या वेगळ्या महामंडळाने कोंडी फोडली, तेच वेगळेपण पुढे दुपदरीकरणाच्या आणि प्रवासी सोयींच्या आड येऊ लागले. २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारनेही भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला संमती दिली. कालचे उत्तर आजचा प्रश्न झाले आहे. तो सभागृहात कोण विचारतो, किती वेळा विचारतो आणि मिळालेला नकार जपून ठेवतो का, हे आता रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मतदारांनी पाहायचे आहे.